ऐकणारी दाढ

मिस्त्रींच्या मोठ्या पेचकसाची मूठ लाकडी आहे आणि तिच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत. मूठ उजेडात धरून हळूहळू फिरवली तर त्या खुणांचा क्रम लागतो. सगळ्यात जुन्या, खोल आणि ऑइलने काळ्या पडलेल्या खुणा समोरच्या दातांच्या. त्यांच्या शेजारच्या तिरक्या खुणा सुळ्याच्या. आणि बाकीच्यांपासून जरा अंतर राखून एकच वाटोळा खड्डा आहे, तो वरच्या उजव्या दाढेचा. समोरचे दात हलायला लागले तसा पेचकस तोंडात मागे मागे सरकत गेला. दाढेच्या पलीकडे सरकायला जागा नव्हती.

मिस्त्री जुन्या ट्रॅक्टरच्या लिफ्ट दुरुस्त करतात. इंजिन, गिअर, ब्रेक ही कामं ते घेत नाहीत असं नाही, पण लोक त्यांच्याकडे येतात ते लिफ्टसाठी. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात असतात, त्यांना नांगर अडकवलेला असतो. बसल्या जागी दांडी ओढली की पंप ऑइल ढकलतो, ऑइल पिस्टनला ढकलतं आणि चार जणांना न पेलणारा नांगर वर उचलला जातो. ट्रॅक्टर जुना झाला की हे ऑइल कुठेतरी गळायला लागतं. गळतं, पण बाहेर येत नाही. ट्रॅक्टरच्या पोटातल्या पोटातच पडतं. डाग नाही, थेंब नाही. उचललेला नांगर नुसता हळूच खाली येतो, ते पंपाला कळतं, तो पुन्हा वर ढकलतो. पुन्हा खाली, पुन्हा वर. लिफ्टला उचकी लागली, असं म्हणतात त्याला.

गळणारी जागा शोधायची तर सीट, दांड्या, नळ्या सगळं काढून पोटावरचं बिडाचं जाड झाकण साखळी-पुलीने उचलावं लागतं. पण झाकण उचललं की ऑइलवरचा दाब जातो, आणि दाब गेला की गळती थांबते. चोर पकडायला दार उघडावं आणि आत सगळे जण साळसूदपणे बसलेले दिसावेत, तसा प्रकार. म्हणून बहुतेक गॅरेजमध्ये अंदाजाने एकेक भाग बदलत जातात. कधीतरी बरोबर भागाचा नंबर लागतोच. मिस्त्री झाकण उघडण्याआधी ऐकतात.

ऐकतात हा शब्द त्यांच्या बाबतीत जपून वापरावा लागतो, कारण ते बहिरे आहेत. लहानपणी दोन्ही कान वाहायचे. घरच्यांनी कोमट तेल घालण्यापलीकडे काही केलं नाही आणि पडदे गेले. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर त्यांना कळतं. पाठीमागून हाक मारली तर मारणाऱ्याचाच घसा दुखतो. कानात घालायचं यंत्र त्यांनी आणून पाहिलं होतं. ते घातलं की कान पुन्हा वाहायला लागायचा. आता ते एका डबीत, मिस्त्रीणबाईंच्या सुया-बटणांसोबत पडून आहे.

दातांनी ऐकू येतं हा शोध अपघाताने लागला. उमेदवारीचे दिवस होते. दोन्ही हात कामात अडकलेले, म्हणून पेचकस दातांत धरलेला. वाकताना त्याचं टोक चालू ट्रॅक्टरच्या अंगाला टेकलं आणि डोक्याच्या आत एकदम ट्रॅक्टर सुरू झाला. मिस्त्री इतके दचकले की तोंड उघडलं आणि पेचकस ट्रॅक्टरच्या पोटात जाऊन पडला. तो बाहेर काढण्यात उरलेला दिवस गेला. वस्तादांना वाटलं, पोरगं वेंधळं आहे. पोराने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तादांची पाठ वळल्यावर त्याने गॅरेजमधल्या प्रत्येक चालू यंत्राला पेचकस लावून पाहिला.

पुढे त्यांनी त्याची रीत बसवली. मूठ अशी हवी की आतली पोलादी सळई लाकडातून आरपार टोकापर्यंत गेलेली असेल. प्लॅस्टिकच्या मुठीत आवाज मरतो. इंजिन मंद ठेवायचं, नांगर वर उचलून धरायचा, टोक एकेका बोल्टवर टेकवायचं आणि दात मिटून श्वास रोखायचा. पिस्टनभोवतीचं रबरी सील गळत असेल तर आवाज दबका, ओल्या कापडातून फुंकर मारल्यासारखा. पंप गाळणीतून नीट ऑइल खेचत नसेल तर खडे चावल्यासारखा. वाल्व्ह झिजला असेल तर बारीक शिट्टी. लोकांनी त्यांना दंतवैद्य हे नाव ठेवलं. दात दुखणारी एक म्हातारी पत्ता विचारत गॅरेजमध्ये आली होती आणि आत टांगलेल्या साखळ्या, हातोडे पाहून आल्या पावली परत गेली, असं लोक सांगतात. मिस्त्री म्हणतात, तसं काही झालं नाही. पण तेही हसतात.

दात गेले ते पेचकसामुळे, असं मिस्त्रीणबाईंचं मत आहे. चालू इंजिनाचे हादरे वर्षानुवर्षं हिरड्यांनी झेलले. मिस्त्री म्हणतात, वडिलांचेही असेच गेले होते आणि वडील तर शिंपी होते. कारण काहीही असो, एकेक करून दात गेले, कवळी बसवली गेली, आणि कवळीतून काही ऐकू येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. कवळी हिरडीवर बसते. दात आणि हाड यांच्यामध्ये मांसाची गादी येते. राहिली ती वरची उजवी दाढ. कवळी तिच्याभोवती कापून बसवली होती.

आणि गेल्या हंगामात ती दाढ दुखायला लागली.

सुरुवातीला गरम चहा लागला की ठणका उठायचा. मग चहाशिवायही. मग गाल सुजला. मिस्त्री लवंग धरायचे, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे आणि पेचकस धरायचं टाळायचे. आवाज समजायला दाढ घट्ट मिटावी लागते आणि मिटली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेवटी मिस्त्रीणबाईंनी त्यांना अक्षरशः हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आरशाने पाहिलं, फोटो काढला, फोटो उजेडापुढे धरला.

"ही काढायची," त्या मोठ्याने म्हणाल्या. मिस्त्री बहिरे आहेत हे मिस्त्रीणबाईंनी दारातच सांगितलं होतं.

"ठेवता येणार नाही का?"

"नाही."

"थोडे दिवस?"

"काका, मुळाशी पू आहे. आजूबाजूचं हाड विरघळलंय. दाढ नुसती मांसात उभी आहे."

"ही माझी कामाची दाढ आहे."

"दाढ सगळ्यांचीच कामाची असते."

"खायची नाही हो. ऐकायची."

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीणबाईंकडे पाहिलं. मिस्त्रीणबाईंनी कपाळाला हात लावला. "खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या तोंडात एक दाढ उरलीय आणि तीसुद्धा ट्रॅक्टरसाठी. मी मेली आयुष्यभर मऊ शिजवत बसले."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दाताचा आवाज हाडातून आतल्या कानापर्यंत जातो, हे त्यांना माहीत होतं. "पण काका," त्या म्हणाल्या, "हाडच उरलं नसेल तर आवाज जाणार कुठून?"

मिस्त्रींनी हे वाक्य ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, हे सांगता येत नाही. ते गोळ्या घेऊन घरी आले. सूज उतरली, ठणका राहिला.

त्यांचा प्रश्न सरळ होता. दाढ गेली की ऐकणं गेलं. ऐकणं गेलं की ते अंदाजाने भाग बदलणारे आणखी एक म्हातारे मेकॅनिक. तसे मेकॅनिक रस्त्यावर पुष्कळ होते, आणि त्यांची कंबर मिस्त्रींपेक्षा धड होती.

याच दिवसांत ताईंचा ट्रॅक्टर आला.

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. शेत त्या स्वतः पाहतात, ट्रॅक्टर स्वतः चालवतात. त्यांचे यजमान दुकान सांभाळतात आणि ट्रॅक्टरवर बसायचं म्हटलं की त्यांच्या पोटात कळ येते. ट्रॅक्टर ताईंच्या थोरल्या मुलीपेक्षा जुना आहे. मिस्त्रींशी मोठ्याने बोलायची सवय ताईंना लहानपणापासून आहे, त्यामुळे त्या सगळ्या जगाशीच मोठ्याने बोलतात.

"लिफ्टला उचकी लागलीय," त्या ट्रॅक्टरवरूनच ओरडल्या.

"कोण आठवण काढतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"मीच. तुझी. शिव्या घालत."

त्या सकाळी मिस्त्रींचा गाल पुन्हा जड झाला होता. पेचकस भिंतीवर खिळ्याला लटकत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि स्वतःशी हिशेब मांडला: इतका जुना ट्रॅक्टर, सील कधी बदललेलं आठवत नाही, म्हणजे सीलच असणार. त्यांनी सीट काढली, दांड्या काढल्या. सीटसमोर तळहाताएवढी एक पट्टी असते, तिच्याखाली पंपाकडून वर येणारा उभा पाइप असतो. झाकण उचलण्याआधी तो उपसून घ्यावा लागतो. तो उपसला, पुसला, बाजूला ठेवला. झाकण साखळीवर चढवलं. सील बदललं. सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. नांगर वर उचलून इंजिन बंद केलं आणि तसाच ठेवला. संध्याकाळपर्यंत नांगर बोटभरही खाली आला नाही.

ताई ट्रॅक्टर घेऊन गेल्या आणि परत आल्या.

"सुरुवातीला छान चालतो," त्या म्हणाल्या. "चार फेऱ्या झाल्या की उचकी. तुझ्यासमोर शहाणा होतो, माझ्यासमोर लाडात येतो."

मिस्त्रींना वाटलं, नवं सील बसवताना कुठेतरी चिमटलं असेल. पेचकस याही वेळी खिळ्यावरच राहिला. पुन्हा सीट, पुन्हा दांड्या, पुन्हा पाइप उपसून, पुसून बाजूला. झाकण साखळीवर चढवताना कमरेत असं काही भरलं की ते तसेच, साखळी हातात धरून, बराच वेळ उभे राहिले. मिस्त्रीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हे ऐकताहेत.

सील चांगलं होतं. तरी बदललं. नांगर पुन्हा वर राहिला, तसूभर हलला नाही. ताई पुन्हा गेल्या. पुन्हा तेच झालं. या वेळी त्या आल्या नाहीत. मिस्त्रीणबाईंना फोन आला.

"त्याला सांग," फोनमधून येणारा आवाज खोलीभर ऐकू येत होता, फक्त ज्याच्यासाठी होता त्याला सोडून. "खालचं रान वाळत चाललंय. आणखी वाळलं तर नांगर मातीत शिरणार नाही, वरून घसरत जाईल. त्याला जमत नसेल तर जमत नाही म्हण म्हणावं. मी दुसरीकडे नेते. भाऊ आहे म्हणून मी शेत पडीक ठेवायचं का?"

मिस्त्रीणबाईंनी हे सगळं त्यांना तोंडासमोर येऊन सांगितलं. "शेत पडीक" हे दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "अहो, ऐकलं होतं का तुम्ही? पेचकस लावून?"

मिस्त्री चहा पीत होते. त्यांनी कप पुन्हा तोंडाला लावला.

"म्हणजे नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात चहाचा घोट दाढेवर गेला आणि त्यांनी कप खाली ठेवला. गाल धरून बसले. दाढेचा हा स्वभाव आता त्यांना पाठ झाला होता: थंड असेपर्यंत गप्प, ऊब लागली की बोंब. आणि गाल धरल्याधरल्याच त्यांना वाटलं, ताईंचा ट्रॅक्टर तरी दुसरं काय करतोय? गॅरेजमध्ये थंड असतो, तेव्हा ऑइल घट्ट असतं, गळत नाही. शेतात तापतो, ऑइल पातळ होतं, गळतं. दोन्ही वेळा त्यांनी थंड ट्रॅक्टर उघडला, थंड ट्रॅक्टर तपासला. ही चूक त्यांनी कधी केली नव्हती, कारण थंड ट्रॅक्टरमध्ये ऐकायला काही नसतं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. न ऐकणाऱ्याला कळत नाही.

"ताईला फोन लाव," ते म्हणाले. "तिला म्हणावं, नांगरट कर. उचकी लागली की नांगर वर उचलायचा आणि तशीच इकडे यायचं. वाटेत इंजिन बंद करायचं नाही. कुणाशी बोलायला थांबायचं नाही."

"हे त्यांना जमणार आहे का?"

"कुठलं?"

"न बोलणं."

मग मिस्त्रीणबाईंनी आपली अट सांगितली. हा ट्रॅक्टर झाला की दाढ काढायची. मिस्त्री म्हणाले, काढू. त्यांनी गोळी मात्र घेतली नाही. गोळीने दुखणं कमी होतं तसं ऐकूही कमी येईल, अशी भीती त्यांना वाटत होती. तिला काही आधार नव्हता.

ताई आल्या तेव्हा उन्हं कलली होती. ट्रॅक्टर चढ चढून आला तेव्हा मागचा नांगर मान डोलावत होता: हळूच खाली, धक्क्याने वर. चाकांना ओली माती होती. इंजिनावर हात ठेववत नव्हता. ताई खाली उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वाटेत दोघींनी हात केला," त्या म्हणाल्या. "थांबले नाही. आता त्या दोघी म्हणतील, शिष्ट झालीय."

मिस्त्रींनी खिळ्यावरचा पेचकस काढला. कवळी काढून खिशात ठेवली. सीटखालच्या बोल्टवर टोक टेकवलं, मूठ दाढेखाली घेतली आणि तोंड मिटलं.

ठणका कपाळापर्यंत गेला. त्यांनी डोळे बंद केले. श्वास रोखून ते तसेच राहिले. टोक दुसऱ्या बोल्टवर नेलं. मग तिसऱ्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. ताईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मिस्त्रींना काहीच ऐकू येत नव्हतं, असं नाही. ढब, ढब, ढब असा आवाज येत होता. पण इंजिनाची लय ती नव्हती. त्यांनी ताईंना खुणेने इंजिन वाढवायला सांगितलं. इंजिन वाढलं, ते पायांना कळलं. ढब ढब होतं तेवढंच राहिलं. तो ट्रॅक्टर नव्हता. ती दाढ होती. नाडीबरोबर ठणकत होती आणि त्या ठणक्याखाली दुसरं काही उरलं नव्हतं. जिला ते हंगामभर जपत होते, मऊ खाऊन, एका कुशीवर झोपून, ती कधीचीच बहिरी झाली होती.

त्यांनी पेचकस तोंडातून काढला.

"काय?" ताईंनी विचारलं. "कुठे आहे?"

"येत नाही."

"काय येत नाही?"

"ऐकू."

ताईंना भाऊ बहिरा आहे हे आयुष्यभर माहीत होतं. त्यावरून त्यांनी त्याला चिडवलं होतं, मारलं होतं, त्याच्या वतीने इतर पोरांनाही मारलं होतं. पण ऐकू येत नाही असं त्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

नांगराने मान डोलावली. खाली, धक्का, वर.

"गार होईल हा," मिस्त्री म्हणाले. मग पेचकस ताईंपुढे धरला. "तुझे दात आहेत ना?"

"सगळे. माझे स्वतःचे."

"मग धर."

"शी! तुझ्या तोंडातला?"

"लहानपणी माझ्या तोंडातली गोळी काढून खाल्ली होतीस."

ताईंनी मूठ बाहीला पुसली, परत परत पुसली, आणि तोंडात धरली. मिस्त्रींनी टोक बोल्टवर टेकवलं. ताईंचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि पेचकस पडता पडता राहिला.

"बोलू नको. आधी ऐक, मग काढ, मग सांग."

"केवढा आवाज आहे रे आत! तू रोज हे ऐकतोस?"

"ताई."

"बरं, बरं."

ते पिस्टनच्या वरच्या बोल्टवरून सुरू झाले. ताईंनी ऐकलं, मूठ काढली.

"घरघर आहे. जात्यासारखी."

"ओल्या कापडातून फुंकर मारल्यासारखं?"

"नाही. कोरडी घरघर."

मिस्त्रींनी टोक खाली, पंपाच्या बाजूच्या झाकणावर नेलं.

"इथे गुणगुणतंय. तुझे भावोजी आंघोळ करताना गुणगुणतात तसं."

"मध्ये खडे?"

"खडे कसले?"

"खडे चावल्यासारखा आवाज."

"नाही रे. नुसतं बेसूर."

"तो पंप. तो ठीक आहे." मिस्त्री सरळ झाले, कमरेवर हात दाबला आणि पुन्हा वाकले. आता राहिली सीटसमोरची तळहाताएवढी पट्टी. तिच्या बोल्टवर टोक टेकवलं आणि सवयीने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच पाहतो. ताई बोलत नव्हत्या. पण त्यांच्या भुवया वर गेल्या आणि मान आपोआप एका बाजूला कलली, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकणाऱ्या माणसाची कलते तशी.

त्यांनी मूठ काढली. "इथे कुणीतरी दातांतून हवा सोडतंय. स्स्स. सापासारखं."

"सारखं?"

"सारखं. उचकीचा धक्का आला की त्यात बुडतं. मग पुन्हा स्स्स."

"शिट्टी नाही ना? बारीक?"

"शिट्टी मला कळत नाही का? स्स्स म्हणतेय ना!"

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगितलं. पट्टीचे बोल्ट काढले. चिंधी गुंडाळून गरम पाइप वर उपसला. हा पाइप त्यांनी दोनदा हातात घेतला होता, दोनदा पुसला होता. आता चष्मा लावून, दाराशी उजेडात नेऊन, फिरवून फिरवून पाहिला. खालच्या रबरी रिंगेची खाच जिथे संपते तिथे केसासारखी एक रेघ होती. नखाला लागत नव्हती. पाइप वाकवायला जोर लावला की तिच्यातून ऑइलचा बारीक थेंब फुटत होता.

झाकण दोनदा उचललं होतं. या पाइपसाठी झाकणाला हात लावायचीही गरज नव्हती. पट्टी काढली की तो वरून निघतो. इतकी वर्षं ऐकून शोधल्यामुळे बघून शोधायची सवयच लागली नव्हती. जे ऐकू येतं ते बघायचं कशाला, असा हिशेब होता.

"हेच?" ताईंनी विचारलं. "या काडीसाठी माझा ट्रॅक्टर दोनदा उघडलास?"

"हो."

ताईंच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी मिस्त्रींच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि ते गिळलं. "दुसरा आहे का?" एवढंच विचारलं.

एका भंगार ट्रॅक्टरमधून काढलेला होता. त्याला नव्या रिंगा घातल्या, ऑइल लावून बसवला. या वेळी मिस्त्रींनी गॅरेजमध्ये तपासलं नाही. नांगर जोडलेला ट्रॅक्टर घेऊन ते ताईंबरोबर शेतावर गेले, बांधावर बसले आणि ताईंनी ट्रॅक्टर चांगला तापवून आणेपर्यंत नांगराकडे बघत राहिले. नांगर वर उचलला की वरच राहत होता. खालच्या रानाचा कोपरा तेवढा वाळून गेला होता. तिथे फाळ मातीत न शिरता वरून घसरत गेला. ताईंनी तिथून मागे वळून भावाकडे पाहिलं. अंतर एवढं होतं की त्या काय म्हणाल्या ते कुणालाच ऐकू गेलं नसतं.

दाढ निघायला वेळ लागला नाही. मुळाशी काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ती कापसावर ठेवून दाखवली आणि हवी का, असं विचारलं. मिस्त्रींनी नको म्हणून मान हलवली. घरी आल्यावर, तोंडात बोळा तसाच असताना, त्यांनी पेचकस कपाळाच्या हाडाला लावून पाहिला, मग कानामागच्या हाडाला. इंजिनाचा ठोका कळत होता, शेजारच्या घरात कुणी पाटा सरकवावा तसा. बारीक काही कळत नव्हतं. गळती बारीकच असते.

ते काही दिवस गॅरेज उघडून बसले आणि लिफ्टची कामं परत पाठवत राहिले. घरी मिस्त्रीणबाई गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की मिस्त्रींना ते लगेच समजतं. एक दिवस त्या पेचकस घेऊन आत गेल्या, त्याची मूठ उकळत्या पाण्यात घालून, पुसून बाहेर आणली आणि खिळ्यावर टांगली. "ताईंनी ऐकलं ना?" त्या म्हणाल्या. "त्या काय शिकून आल्या होत्या?"

आता ट्रॅक्टर आला की मिस्त्री आधी मालकाला तोंड उघडायला सांगतात. काही जण चिडतात, काही निघून जातात. जे थांबतात त्यांना ऐकायचं कसं ते सांगावं लागतं, आणि पूर्वी एका घटकेत संपणारं काम दिवस खातं. मिस्त्रींना आयुष्यात एवढं बोलावं लागलं नव्हतं. संध्याकाळी त्यांचा जबडा दुखतो, आणि त्यात आता एकही दात नाही.

परवा एक ट्रॅक्टरवाला आला होता. अंगापिंडाने मोठा, लोक त्याला पहिलवान म्हणतात. पेचकस तोंडात धरून तो डोळे मिटून उभा राहिला. मिस्त्रींनी टोक टेकवलं.

"येतोय आवाज?"

पहिलवानाने जोरात होकारार्थी मान हलवली.

दुसरा बोल्ट. "इथे?"

पुन्हा जोरात मान.

मिस्त्रींनी टोक ट्रॅक्टरपासून उचलून हवेत धरलं. "आणि आता?"

पहिलवानाने डोळे मिटूनच आणखी जोरात मान हलवली.

मिस्त्रींनी एक सुस्कारा टाकला, पेचकस त्याच्या तोंडातून काढला आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. नसेल तर नाही म्हणा. पहिलवान ओशाळला. पुन्हा सुरुवात झाली. पिस्टन, नाही. पंप, नाही. गाळणीची बाजू, नाही. वाल्व्हच्या बोल्टवर टोक आलं तेव्हा मिस्त्री त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिलवानाच्या भुवया वर गेल्या आणि मान एका बाजूला कलली.

"बारीक शिट्टी?" मिस्त्रींनी विचारलं.

पहिलवानाने मूठ तोंडातून काढली. या वेळी हो म्हणून त्याने एकदाच, हळू मान हलवली. मग मिस्त्रींच्या समोर येऊन, त्यांना दिसेल असं तोंड करून मोठ्याने म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला हे रोज असं ऐकू यायचं?"

"यायचं," मिस्त्री म्हणाले, आणि वाल्व्हच्या बोल्टचा पाना शोधायला लागले.